कडेचं काम

कामरेजला दादाच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत सागवानी फळ्यांची जमीन होती. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी भिंतीच्या आत गुपचूप गळत राहिली, खिडकीखालच्या फळ्या काळ्या पडल्या आणि त्या ओलीच्या मागानं वाळवी आली. जमीन बदलायची ठरली. फळ्या उचकटायच्या आणि नव्या ठोकायच्या, एवढंच काम असतं तर त्यावर लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. पण त्या खोलीत तीन गोष्टी अशा होत्या, ज्या हलणार नव्हत्या. एका लांब भिंतीला भिंतभर कपाट, जे जागेवरच बांधलेलं होतं आणि सुटं करायचं म्हणजे मोडायचंच. एका कोपऱ्यात खोलीत घुसलेला सिमेंटचा कॉलम. आणि समोरच्या आखूड भिंतीत आईचं देवघर, त्याचा संगमरवरी ओटा भिंतीतच रोवलेला. आईनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "देव चार दिवस खाली पाटावर बसतील. ओट्याला हात लावायचा नाही."

म्हणजे जुनी जमीन काढायची ती या तिघांना धक्का न लावता, आणि नवी आणून बसवायची ती त्यांच्या अंगाला बेतून. मी नंदुरबारहून सुट्टीला गेले होते, ती या कामात गुंतून राहिले. खोलीचा मधला भाग पाहता पाहता भरला. पुढचे सगळे दिवस कडांवर गेले, आणि मला त्या कडांबद्दलच सांगायचं आहे.

आधी थोडं लाकडाबद्दल. कामरेज आज सुरतेच्या विस्ताराखाली जवळजवळ दिसेनासं झालं आहे. महामार्गावरचा चार रस्ता, त्याभोवतीच्या सोसायट्या, हिऱ्याच्या कारखान्यांकडे जाणारी माणसं. पण १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत कामरेज हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतातला तालुका होता. त्याच प्रांतात सोनगड आणि व्यारा, म्हणजे सागाचा मुलूख. त्याच्या दक्षिणेला डांग. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली ती मुख्यतः सागासाठी. आहव्याला होळीच्या सुमारास भरणारा डांग दरबार त्या व्यवहाराची आजवर चालत आलेली खूण आहे. राजांच्या वंशजांना तिथं अजून मानधन मिळतं. आमच्याकडून वाहत येणारी तापी उकाईला अडते आणि सोनगडच्या बाजूनं कामरेजला येते. तिच्या काठच्या जुन्या घरांत साग दिसतो तो थाटमाट म्हणून नव्हे. तो जवळ होता, आणि तो कमी हलतो.

हे 'कमी हलणं' समजलं की कडेचं अर्धं काम समजतं. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या रेषेत सुमारे ५.८ टक्के आटतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत २.५ टक्के. युरोप-अमेरिकेत जमिनीला आवडीनं वापरला जाणारा पांढरा ओक वलयांच्या रेषेत १०.५ टक्के आटतो. उभ्या लांबीत मात्र कुठलंही चांगलं लाकूड हजारात एखाद-दुसरा भागच आटतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि हे आटणं-फुगणं एकदाच होऊन थांबत नाही. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवतं. ती ४० टक्क्यांवर उतरली तर साडेसात. सुरतेच्या आषाढात आणि एसी लावलेल्या बंद खोलीत एवढा फरक सहज पडतो.

आता हिशेब करू. दादाची खोली १४ फूट बाय १२. फळ्या १४ फुटांच्या अंगानं टाकल्या तर रुंदी १२ फुटांची, ४ इंची ३६ फळ्या. लाकडातलं पाणी वर्षभरात चार टक्क्यांनी खालीवर झालं तर एकेक फळी पाऊण मिलिमीटरच्या आसपास हलते. डोळ्याला ते दिसणार नाही. पण ३६ फळ्यांची बेरीज कागदावर २८ मिलिमीटर होते, एका इंचाहून जास्त. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण खिळे धरून ठेवतात, पॉलिश ओल आत जाण्याचा वेग कमी करतं, दोन फळ्यांमधले सांधे थोडं आपल्यात सामावून घेतात. तरी उरतं ते कपाटाची खालची पट्टी उखडायला किंवा जमिनीच्या मध्यभागी फुगवटा आणायला पुरेसं असतं. जुन्या जमिनीत नेमकं हेच झालं होतं. ज्यानं ती बसवली त्यानं फळ्या भिंतीला भिडवल्या होत्या, आणि उरलेल्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग दिला होता. पहिल्या पावसाळ्यात फळ्या दाबल्या गेल्या, हिवाळ्यात आखडल्या, आणि लांबीचे तुकडे झाडूत येऊ लागले.

मिस्त्री सुरतेचे, सत्तरीला टेकलेले, मराठी समजणारे आणि गुजरातीत उत्तर देणारे. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, ते मला बेन. खोलीत आल्यावर त्यांनी टेप काढला नाही. दारात उभे राहिले आणि विचारलं, उजेड कुठून येतो, कपाट कुठल्या भिंतीला, देवघर कुठल्या. मग म्हणाले, फळ्या लांबीतच टाकू. कपाटाकडे "जग्या राखवी पडे", देवघराकडे नाही. मला त्या क्षणी ते नीट कळलं नाही. नंतर कळलं की अख्ख्या कामाचा आराखडा त्या एका वाक्यात होता. कपाट लांब भिंतीला होतं, म्हणजे फळ्यांची आडवी, हलणारी बाजू त्याच्याकडे. तिथं मोकळी जागा हवीच. देवघर आखूड भिंतीला, म्हणजे तिथं फळ्यांची टोकं येणार, आणि टोकांच्या दिशेला लाकूड हलत नाही. तिथं दगडाला लाकूड अगदी घासून बसवता येतं. हलतं काय आणि हलत नाही काय, हे पाहून फळ्यांची दिशा ठरवली तर कड आपोआप सोपी होते. बहुतेक ठिकाणी दिशा ठरते ती फोटोत खोली लांब दिसावी म्हणून, आणि मग सगळ्या कडांशी झगडत बसावं लागतं.

कपाटाचं काम मला सर्वांत हुशारीचं वाटलं. जुन्या फळ्या कपाटाच्या खालून भिंतीपर्यंत गेल्या होत्या, कपाटाचं सगळं वजन त्यांच्यावर. त्या काढणं शक्यच नव्हतं, आणि काकांनी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिल्यावर आवाज भरीव आला, म्हणजे काढायची गरजही नव्हती. वाळवीचं औषध तेवढं बारीक भोकं पाडून आत सोडलं. जुनी आणि नवी जमीन कुठं तरी भेटणारच होती. ती भेट कपाटासमोर उघड्यावर झाली असती तर कितीही सरळ कापलं असतं तरी आयुष्यभर रेघ दिसली असती. काकांनी कपाटाच्या तळाची चार इंची पट्टी काढली. ती कपाटाच्या दारांपासून दोन इंच आत होती, पायाची बोटं जावीत म्हणून ठेवलेली जागा. तिच्याही मागं, अंधारात, जुन्या फळ्या कापायच्या ठरल्या.

तिथं करवत चालत नाही. गोल पात्याचं मशीन कपाटाच्या दाराला अडतं. त्यासाठी थरथरणाऱ्या सपाट पात्याचं छोटं मशीन असतं, ज्याला बाजारात मल्टीटूल म्हणतात. पातं हातावर विसंबून चालवलं की ते भरकटतं, म्हणून काकांनी एक सरळ जाड पट्टी जमिनीवर आडवी ठोकली आणि पातं तिला टेकवूनच चालवलं. कापाची खोली फळीच्या जाडीएवढी, १८ मिलिमीटर. पात्यावर त्या मापाला चिकटपट्टीची खूण. त्याखाली काँक्रीटमध्ये बसवलेल्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांना इजा व्हायला नको होती. दोन्ही टोकांना, जिथं मशीनचं तोंड पोचत नाही, तिथं पटाशी आणि लाकडी हातोडा. नवी शेवटची फळी त्या कापापासून १२ मिलिमीटर अलीकडं थांबली. मग कपाटाची पट्टी परत लावली. ती स्क्रूनं कपाटालाच धरलेली आहे, जमिनीला नाही, आणि तिच्या तळाखालून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे. जमीन तिच्या खालून ये-जा करील, पट्टीला कळणारही नाही.

कडेच्या पट्ट्यांमध्ये सगळीकडे होणारी गफलत हीच आहे, म्हणून जरा ठासून सांगते. भिंतीलगतची स्कर्टिंग असो, अर्धगोल बीडिंग असो, ती भिंतीला किंवा कपाटाला ठोकायची. जमिनीत खिळा मारला की मोकळी ठेवलेली सगळी जागा फुकट गेली. ती फट आता फक्त झाकली आहे, वापरता येत नाही. पट्टीबरोबर जमीन जखडली जाते आणि फुगवटा खोलीच्या मध्यभागी निघतो. लॅमिनेटच्या जमिनीला तर हे दोन्ही दिशांनी लागू आहे, कारण ती दाबलेल्या लाकूड-भुशाच्या पाट्यांची असते आणि लांबी-रुंदी दोहोंत फुगते. तिच्यावर स्वयंपाकघरातला जड ओटा किंवा बांधीव कपाट चढवूच नये. ते आधी, जमीन नंतर.

देवघराचा ओटा ही वेगळी परीक्षा होती. संगमरवराची कड सरळ दिसत होती, पण पट्टी लावली की तीन ठिकाणी उजेड दिसे. वर्षानुवर्षं घासून, तेला-कुंकवानं, एका कोपऱ्याचा टवका उडून ती वाकडीतिकडी झालेली. दगड घासून सरळ करायचा प्रश्नच नव्हता, आईचा हुकूम होता. मग लाकडानं वाकडं व्हायचं. फळी ओट्यासमोर समांतर ठेवली, कंपासचं अंतर सर्वांत रुंद फटीएवढं उघडलं, त्याचं टोक दगडाच्या कडेवरून आणि पेन्सिल फळीवरून एका दमात फिरवली. दगडाचा प्रत्येक चढउतार फळीवर उमटला. कंपास फिरवताना तो तिरपा होऊ द्यायचा नाही, नाहीतर माप बदलतं. नवख्याचं काम बहुधा इथंच बिघडतं. मग रेघेच्या किंचित बाहेरून कापायचं, तेही सरळ उभं नाही. पातं थोडं कलतं धरून फळीची खालची कड वरच्या कडेपेक्षा आत घ्यायची. दगडाला भिडते ती फक्त वरची बारीक धार. ती कानशीनं एकेक केसभर उतरवता येते. कड पूर्ण जाडीनं उभी ठेवली तर खालचा एखादा खवला दगडाला अडतो आणि वर फट राहते, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

हे पाहताना मला सुरतेचे जुने जहाजबांधणारे आठवत राहिले. योहान स्टाव्होरिनस हा डच दर्यावर्दी १७७० च्या दशकात सुरतेत होता आणि त्यानं तिथल्या कारागिरांची पद्धत फार बारकाईनं नोंदवून ठेवली आहे. युरोपातले सुतार जहाजाच्या फळ्या सपाट कडेला सपाट कड लावून जोडत. सुरतेचे सुतार कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. आणि ती नेमकी बसावी म्हणून बसलेल्या फळीच्या कडेला शेंदूर फासत, वरची फळी तिच्यावर दाबत, उचलत. जिथं लाल लागलं तिथं उंचवटा. तेवढाच तासायचा, पुन्हा शेंदूर, पुन्हा दाब. सगळ्या कडेला सारखा लाल रंग लागेपर्यंत हे चाले. मग डिंकासारखा चिकट पदार्थ, त्यावर कापसाचा पातळ थर, आणि लाकडी खुंट्या. सांधा जेमतेम दिसे, असं तो सांगतो. याच परंपरेतला लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गेला आणि वाडियांच्या गोदीचा इतिहास सुरू झाला. त्या घराण्यानं १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

मी काकांना शेंदराची ही गोष्ट सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या वडलांच्या हाताखाली दाराच्या चौकटी बसवताना गेरू वापरत, असं ते म्हणाले. पण त्यांनी एक प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यात आला नव्हता: जहाज तर सदा पाण्यात, त्याचं लाकूड सुकतं कधी?

तिथंच मेख आहे. पाण्याखालची फळी वर्षभर सारखीच ओली असते, म्हणून तिचा सांधा केसाएवढा घट्ट ठेवता येतो. तो घट्ट ठेवावाच लागतो. डेकच्या फळ्या उन्हात तापतात आणि लाटांनी भिजतात, म्हणून तिथं त्याच कारागिरांच्या जगात दोन फळ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवून तिच्यात तंतू आणि डांबर ठासतात. आणि डोलकाठी डेकमधून खाली जाते तिथं भोक डोलकाठीपेक्षा मोठं असतं, भोवती लाकडी पाचरी, आणि वरून कॅनव्हासचा झगा बांधलेला. काठी डुलते, डेक हलतो, दोघं एकमेकांना फोडत नाहीत. जमिनीतून उभ्या राहिलेल्या पक्क्या वस्तूभोवती फळ्या कशा बसवाव्यात याचं याहून जुनं आणि कसोटीला उतरलेलं उदाहरण मला ठाऊक नाही. 'घट्ट म्हणजे चांगलं' हा नियमच नव्हे. कुठं घट्ट आणि कुठं मोकळं, हे त्या लाकडाला काय सोसायचं आहे त्यावर ठरतं.

कोपऱ्यातला कॉलम आणि त्याच्या शेजारून वर गेलेला पाण्याचा पाइप हे काम त्याच न्यायानं झालं. पाइपभोवतीचं भोक पाइपापेक्षा २० मिलिमीटर मोठं, वरून चकती. फळी पाइपाभोवती घालायची तर ती भोकाच्या मध्यातून कापावी लागते. कापलेला मागचा तुकडा नंतर गोंदानं जोडला, आणि काप तिरपा घेतल्यामुळे सांधा रेषांच्या वळणात हरवला. कॉलमच्या बाहेरच्या कोपऱ्यासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला. पुठ्ठा तीनदा बिघडला तरी चालतो.

दाराच्या चौकटीचं थोडक्यात. चौकटीच्या आकारात फळी कोरू नये. चौकटीच खालून कापावी. फळीचा एक तुकडा जमिनीवर ठेवायचा, करवत त्यावर आडवी झोपवून चौकटीचा पाय कापायचा आणि नवी फळी त्याखाली सरकवायची. कुठलाही आकार कोरावा लागत नाही, आणि फटही राहत नाही. चौकट दगडाची असेल तर मात्र देवघराचाच मार्ग.

काकांबरोबर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता, धुळ्याकडचा, सुरतेत लिंबायतला राहणारा. त्याला काका सांगत काहीच नसत. कंपास हातात द्यायचे आणि आपण चहाला जायचे. त्याच्या पहिल्या दोन फळ्या वाया गेल्या, त्या कपाटाच्या पट्टीमागं आधाराला वापरल्या. मला हे बघताना त्रिभुवनदास गज्जर आठवले. सुरतेच्या सुतार घरातला हा रसायनशास्त्रज्ञ; सयाजीरावांच्या आश्रयानं १८९० मध्ये बडोद्याला त्यांनी कलाभवन काढलं ते कारागिरीचं ज्ञान देशी भाषेतून शिकवायला. दादासाहेब फाळके तिथंच शिकले. कारागिराच्या मुलाला त्याच्या हातातल्या कामामागचं शास्त्र त्याच्या बोलीत मिळावं, ही ती कल्पना. लिंबायतच्या त्या मुलाला फळी आडवी का फुगते आणि उभी का नाही, हे कोणी अहिराणीत समजावून दिलं असतं तर निदान एक फळी वाचली असती असं मला वाटतं. मी दुपारी त्याला चित्र काढून ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, मग बांबू? बांबूची जमीन फुगते का? प्रश्न उत्तम होता. फुगते, गोंदात दाबलेल्या बांबूच्या पट्ट्याही ओल धरतात.

एक गोष्ट वहिनीला पटली नव्हती. देवघरासमोर तिला शिसवीची काळी पट्टी हवी होती, चौकोनी, कोपऱ्यांना तिरपे सांधे. काका आधी नाही म्हणाले, मग त्यांनी ती केली, आणि मला आता वाटतं वहिनीचं बरोबर होतं. खोलीच्या भिंती एकमेकींना काटकोनात नसतात आणि देवघर भिंतीशी समांतर नव्हतं. फळ्यांच्या रेघा ओट्याकडे किंचित तिरप्या येत होत्या. मधे एक पट्टी आली, ती ओट्याला समांतर, आणि डोळा तिच्याशी जुळवून घेतो. मागचा तिरपेपणा दिसेनासा होतो. साडीच्या काठासारखंच ते, कापड कुठं संपतं हे काठ सांगतो. पट्टीची जाडी मात्र फळ्यांएवढीच हवी, ती वर उचललेली असेल तर पहाटे दिवा लावायला येणाऱ्या आईच्या अंगठ्याला लागेल.

शेवटी पैशाचं. जमिनीचा भाव सगळीकडे चौरस फुटावर असतो. दादाची खोली १६८ चौरस फूट. पण कड मोजली तर चार भिंतींची ५२ फूट, वर कॉलमचे आणि ओट्याचे वळसे धरून साठीच्या पुढं. चौरस फुटावर बोली लावणाऱ्याला पैसे मिळतात ते मधल्या भागाचे, जो एका दिवसात होतो. कडेला लागणारे दिवस त्याच्या खिशातून जातात. मग तो लांबी भरतो, सिलिकॉन मारतो, जाड बीडिंग ठोकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. आपण त्याला तेवढ्याचेच पैसे देऊ केलेले असतात. माझं म्हणणं असं की अंदाजपत्रकात कडेची वेगळी ओळ असावी, रनिंग फुटावर, आणि तिच्यासमोर लिहिलेलं असावं: कुठं किती मोकळी जागा, ती कशाखाली झाकणार, पट्टीचा खिळा कशात बसणार. दादानं तसंच केलं. काम संपल्यावर काकांनी खिशातून टेप काढला, कॉलमचे वळसे पुन्हा मोजले आणि बिलातून दोन फूट कमी केले.